घोंगडीखालचा रिमोट

गयाआक्का, परवा तुझ्या दहाव्याला मी तुझ्या पुतण्याशी, दत्ताशी, भांडलो. मांडवात, चारचौघांत, पाहुण्यांच्या देखत. दत्ता म्हणाला, "मिलिंद, दुःखाच्या दिवशी तरी जरा दमानं घे." मी घेतलं नाही. तू असतीस तर पदर सावरत म्हणाली असतीस, "भांड, भांड, लई दिस गप बसलास." खरंच लई दिवस गप्प बसलो होतो. म्हणूनच हे लिहायला घेतलं.

तुझा जन्म कुठला, लग्न कधी झालं, सरपंच किती वर्षं होतीस, हे सगळं लोक ओळीनं सांगताहेत. सांगोत बापडे. मला तुझ्याशी दोन भांडणं मिटवायची आहेत. एक आपण वर्षानुवर्षं हसतखेळत भांडत होतो. दुसरं तुला माहीतच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तू पहिल्यांदा आलीस ती दुष्काळाच्या वर्षी, फाल्गुनात. मी एका सरकारी कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर होतो. काम एकच, व्हीसी लावणं. व्हिडिओ कॉन्फरन्सिंग हा शब्द आमच्याकडं कुणी पुरता उच्चारत नाही, शिपायापासून साहेबापर्यंत सगळे व्हीसीच म्हणतात. आज टंचाईची व्हीसी आहे असं कळलं की सकाळपासून पळापळ. भिंतीवर मोठा पडदा, पडद्याच्या डोक्यावर कॅमेरा, लांबलचक टेबल, टेबलावर माइक आणि माझ्यापुढं एक काळा रिमोट. मोठे साहेब मुंबईत बसणार, पडद्यावर चौकोन उघडणार, एकेका चौकोनात एकेक तालुका. कुणी कुणाच्या गावाला जायचं नाही, तरी सगळे समोरासमोर. त्या दिवशी पाण्याची अडचण असलेल्या गावांचे सरपंचही बोलावले होते. करमाडच्या पलीकडच्या तुझ्या वाडीचं नाव यादीत होतं.

तू दारात चपला काढल्यास. खाली गालिचा होता म्हणून. सगळे साहेब बूट घालून त्यावरून चालत होते आणि तू अनवाणी आत आलीस. एसीचा गारवा लागला तशी खांद्यावरची काळी घोंगडी सोडून अंगभर घेतलीस. तुझ्यामागून दत्ता आला आणि सरपंचाच्या खुर्चीत बसला. जागा बायकांसाठी राखीव होती, म्हणून नाव तुझं आणि बोलणं त्याचं, असा घरात ठराव झालेला. तू खुर्चीमागं उभी राहून म्हणालीस, "दत्ता, ऊठ. कागदावर तुपलं नाव हाय का मपलं?" तो उठला. सगळी खोली हसली, तू हसली नाहीस.

मग मला विचारलंस, "ह्यो टीव्ही कामून लावलाय रं?"

"टीव्ही नाही मावशी. टीव्हीतला माणूस आपल्याला बघत नाही. हा बघतो."

"मंग मी बी दिसती का तेन्ला?"

"दिसता की."

तू लगेच हात जोडून पडद्याला रामराम केलास. तिकडं अजून नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. मी ते सांगितलं तर म्हणालीस, "असू दे. खुर्चीला समदेच रामराम करत्यात, मी येकटीच न्हाय." मी रिमोट हातात घेऊन फिसकन हसलो आणि आमच्या साहेबांनी माझ्याकडं डोळे वटारले.

त्या काळात लिंक कच्ची होती. इकडून बोललेलं तिकडं पोचायला क्षण दोन क्षण लागायचे. लोकांना ते कळायचं नाही. एक वाक्य बोलायचं, उत्तर नाही आलं की "हॅलो, हॅलो" ओरडायचं, तेवढ्यात तिकडचं उत्तर यायचं, दोन्ही एकमेकांवर आदळायची आणि कुणालाच काही कळायचं नाही. शिकलेसवरलेले अधिकारीही हीच चूक करायचे. त्या खोलीत ही चूक न करणारी तू एकटी होतीस. मोठ्या साहेबांनी नाव विचारलं. तू सांगितलंस आणि गप्प बसलीस, शांत, हनुवटी थोडी वर करून, उत्तर येईपर्यंत. नंतर मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणालीस, "डोंगराच्या पल्याड मानूस आसला की हाक मारून थांबाया लागतं, बाबा. हाक पोचू द्यावी. तिची तिला वाट चालायची आसती."

मी ऑपरेटरचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्यात एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

आता ते सांगतो, जे आधीच सांगायला हवं होतं.

व्हीसीच्या आधी तासभर आमच्याकडं तालीम व्हायची. कोण काय बोलणार ते आमचे साहेब कागदावर लिहून द्यायचे. तुझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'टँकर नियमित, तक्रार नाही.' तुला वाचून दाखवलं, तू मान हलवलीस. मग तुझी पाळी आली आणि तू कागद उलटा करून ठेवलास. म्हणालीस, "साहेब, टँकर येतो, खोटं न्हाय सांगत. पर तो मानसं मोजून येतो. मपल्या वाडीत मानसापरीस मेंढरं जास्त. मेंढरू पानी पीत नाय आसं कुनी लिवलंय का?"

आमचे साहेब माझ्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी पडद्याकडं बघत, चेहऱ्यावरची घडी न मोडता, टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर पेन टोचलं. दोनदा. मला अर्थ ठाऊक होता. मी रिमोटवरचं म्यूटचं बटन दाबलं.

पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं छोटं चित्र लाल झालं. तू बोलत राहिलीस. कोकरांना दूध का सुटत नाही, गायरानाला तारा कुणी मारल्या, हर्सूलच्या तलावापर्यंत कळप न्यायचा म्हटलं तर वाटेत आता केवढे रस्ते आडवे येतात, सगळं सांगितलंस. तुझा आवाज त्या खोलीत घुमत होता आणि खोलीबाहेर एक शब्द जात नव्हता. मग तू थांबलीस. हनुवटी थोडी वर. हाक पोचायची वाट बघत. पडद्यावर मोठे साहेब केव्हाच दुसऱ्या चौकोनाशी बोलायला लागले होते. तू तरी थांबलीस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मला तरी तो संपता संपत नव्हता. शेवटी माझ्याकडं वळून हळूच विचारलंस, "पोचली का रं?"

मी म्हणालो, "लिंक गेली, मावशी."

आक्का, लिंक गेली नव्हती. मी दाबली होती. माझं कंत्राट सहा-सहा महिन्यांचं होतं आणि घरी पोरगी तान्ही होती, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. ते खरं आहे. पण नुसतं पेन टोचलं होतं, कुणी गळा धरला नव्हता. ज्या वस्तीत आवाज काढायला शिकवतात त्या वस्तीत मी वाढलो. माझा बाप सभेत उभं राहून बोलायचा, मजूर अड्ड्यावरून थेट, सिमेंटच्या कपड्यांनिशी. आणि मी बाईमाणसाचा आवाज एका बोटानं बंद केला.

त्या वर्षी तू आणि तुझा भाऊ बिरा कळप घेऊन नेहमीपेक्षा दीड महिना आधी निघालात, चैत्राच्या उन्हात. परत आलीस तेव्हा कार्यालयात काही कामाला आली होतीस. मी विचारलं, कसं झालं? म्हणालीस, "अकरा कोकरं वाटंत ठिवून आले." ठेवून आले म्हणालीस, जणू पाहुण्यांकडं सोडलीत. मी तुला चहा पाजला. यापलीकडं माझ्याकडून काही झालं नाही.

पुढच्या टंचाईत पुन्हा व्हीसी लागली. साहेब बदलून गेले होते, नवे आले होते. तू आलीस, चपला काढल्यास आणि या वेळी सरपंचांच्या रांगेत न बसता थेट माझ्या उजवीकडं खुर्ची ओढून बसलीस. बसता बसता खांद्यावरची घोंगडी काढून टेबलावर टाकलीस, नेमकी माझ्या रिमोटवर. मी म्हणालो, "आक्का, एसी चालू आहे, घोंगडी अंगावर घे ना." तोवर मी तुला आक्का म्हणायला लागलो होतो, अगंतुगं करायला लागलो होतो, नाहीतर तू बोलेनाशीच व्हायचीस. "मला तुमी-बिमी म्हनू नको, मी का कलेक्टर हाय?" असं म्हणायचीस. तर तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे तिथंच. मला आज थंडी नाय."

मी मनात म्हटलं, म्हातारीला व्यवस्थितपणा म्हणून नाही.

तू बोललीस, थांबलीस, आणि या वेळी तिकडून उत्तर आलं. मेंढरांसाठी वेगळे हौद आणि हौदासाठी वेगळी टँकरची खेप. नव्या साहेबांनी तिथल्या तिथं लिहून घेतलं. उठताना घोंगडी झटकून खांद्यावर घेत तू मला म्हणालीस, "आज लिंक नाय गेली, बग." मीही "हो ना" म्हणालो. नंतरच्या प्रत्येक व्हीसीला तू तशीच बसायचीस आणि घोंगडी तिथंच पडायची. मी चेष्टा करायचो, घोंगडीला खुर्ची देऊ का म्हणून. एवढा मी हुशार.

आता आपलं जुनं भांडण.

तुझं म्हणणं एकच. "ही व्हीसी म्हंजी वरच्यांनी खाली न येन्याची सोय. पायाला धूळ लागू नये म्हनून काढलेली." मी चिडायचो. माझ्या पोटावरच पाय होता तो. मी सांगायचो, आक्का, सिल्लोडच्या दवाखान्यातल्या बाळंतिणीला मुंबईचा डॉक्टर यातून बघतो. माझ्या भाचीची मुलाखत परदेशातल्या कंपनीनं यातूनच घेतली, विमानाचं तिकीट काढायला आमच्याकडं काय होतं? मी हर्सूलला राहतो, तिथल्या जेलातल्या कैद्याला आता तारखेला गाडीत कोंबून नेत नाहीत, तो आतूनच पडद्यावर जजसाहेबांपुढं उभा राहतो. बघ केवढी सोय.

तू विचार केलास. तंबाखूची चिमूट दाढेला धरलीस. म्हणालीस, "मंग कोरटापातुर जाताना त्याला झाडं दिसायची, ती बी गेली म्हन की."

मी म्हणालो, बेड्या घालून झाडं बघण्यात काय सुख. तू म्हणालीस, इचार त्याला. अजून विचारलेलं नाही.

तुझा दुसरा मुद्दा वासाचा. मेंढराला रोग लागला की त्याच्या लोकरीचा वास बदलतो, तोंडाचा बदलतो, आणि तुला तो दहा पावलांवरून कळायचा. "तुपल्या डब्यात वास येत नाय. ज्याचा वास नाय ती भेट नाय." मी म्हणायचो, माणसांना भेटायला वास कशाला लागतो? तू माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचीस.

दरम्यान शहर तुझ्या वाडीच्या अंगावर येत होतं. शेंद्र्याच्या बाजूनं कंपन्यांच्या भिंती सरकत आल्या, चरायच्या रानात प्लॉट पडले, चार पदरी रस्त्यावरून कळप ओलांडायचा तर पोलिसाला हात जोडायचे. एका टेकडीवर तू लहानपणी कोकरं चारायचीस, तिच्यावर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. शहराचं नाव बदललं, माझ्या पडद्यावरची पाटी बदलली. हर्सूलला आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं यायचा तो तसाच येत राहिला. तुझ्या वाडीत फोनला पूर्ण रेंज आली, नळाचा खांब मात्र कोरडा उभा होता. तू म्हणायचीस, "आता तहान लागली की फोन लावायचा." दत्तानं त्या प्लॉटांच्या व्यवहारात बरीच धावपळ केली, चांगलं घर बांधलं. मी त्याला दोष देत नाही. तूही दिला नाहीस. फक्त त्याच्या घरी गेलीस की अंगणातच बसायचीस.

याच वर्षांत तो आजार आला आणि सगळी दुनियाच व्हीसीवर गेली. शाळा, लग्नं, कोर्ट, कचेऱ्या. माझा मान एकदम वाढला, जो तो विचारायला लागला, लिंक कशी पाठवायची, आवाज का येत नाही. बिरा तेव्हा बुलढाण्याच्या पलीकडं कळपासकट अडकला होता. जिल्ह्यांच्या हद्दी बंद. तुझी मुलगी संगीता इकडं तुझ्यापाशी होती, तिला मी फोनवरून सगळं शिकवलं. रोज दिवेलागणीला तू भिंतीशी फोन उभा करून बसायचीस आणि बिराच्या मागं उभी असलेली मेंढरं मोजायचीस. "ती कान कापलेली कुठं हाय? दाव. तिला फिरव." एवढ्याशा चौकोनात तू लंगडं मेंढरू ओळखलंस. मी म्हटलं, बघ, झाली का भेट? तू म्हणालीस, आता खरं-खोटं करूच.

तू घरी चार म्हाताऱ्या मेंढ्या ठेवल्या होत्यास, लांबचा पल्ला न झेपणाऱ्या. तू मलाही त्या कॉलवर जोडून घेतलंस, फोन कुंपणावर ठेवलास आणि बिराला म्हणालीस, हाक दे. कळपाला वळवायची ती तुमची लांब हाक, छातीतून निघते आणि शेवटाला वर चढते. बिरानं तोंडाशी हात धरून दिली. फोनमधून थोडीशी खरखर आली, मग काहीच नाही. मेंढ्या रवंथ करत राहिल्या. एकीनंही कान हलवला नाही. तू मला पडद्यातून अंगठा दाखवलास. "मानूस फसतंय, मेंढरू नाय. हरलास." मी म्हणालो, रेंज नव्हती. तू म्हणालीस, "तुपली लिंक लई सोयीनं जाती रं."

त्या वाक्यावर मी दचकलो होतो. पण तू हसत होतीस.

शेवटचं आठवतं ते मला आठवायचं नाही, तरी लिहितो. तुला शहरात दवाखान्यात आणलं. माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. मी तुला व्हिडिओ कॉल केला. कामं होती, व्हीसी होत्या, म्हटलं आज तोंड बघू, उद्या जाऊ. तुझ्या हातात फोन ठरत नव्हता. मला छताचा पंखा दिसत होता आणि तुझा आवाज ऐकू येत होता. पंख्याकडं बघत मी बोललो, "आक्का, उद्या येतो." तू थोडं थांबून म्हणालीस, "ये. हितं वास नाय येत तुपला." उद्याच्या पहाटे संगीताचा फोन आला.

यावर मी रडलो नाही असं म्हणणार नाही. पण तू मला त्या पंख्यापुढं सोडून गेलीस याचा मला रागही आहे, आणि तो मी सोडणार नाही. थोडं थांबायचं होतंस. थांबण्यात तर तुझा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. संगीतानं घोंगडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आईनं तुमाला द्याया सांगितली. म्हन्ली, मिलिंदला दे, बटनावर टाकाया."

मी विचारलं, "कसल्या बटनावर?"

"तेच की दादा. पयल्या वक्ताला तुमी दाबलं होतं ते. आईनं बगितलं होतं. म्हनायची, वाईट नव्हतं पोरगं, पर भेकड होतं. तवापसून ती तुमच्या शेजारी बसून बटन झाकून ठिवायची."

संगीता हे अगदी साधेपणानं म्हणाली, घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं. मला मात्र तोंड वर करता येईना. म्हणजे तुला माहीत होतं. माझा चहा पिताना, माझ्या पोरीला लोकरीची टोपी पाठवताना, माझ्याशी झाडांवरून भांडताना, सगळा वेळ माहीत होतं. मला एका शब्दानं विचारलं नाहीस. नुसती घोंगडी टाकलीस आणि काम करून घेतलंस. तुला काय वाटलं, माफी न मागू देता जाता येतं? हे बरोबर केलं नाहीस. मी चुकलो, आक्का. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं आणि तू मला चार शिव्या घालायला हव्या होत्यास. त्या शिव्यांवर माझा हक्क होता.

तर परवाचा दहावा. बिरा परत लांब गेलेला, पैनगंगेच्या पलीकडं. मेंढ्या विण्याच्या दिवसांत होत्या, कळप सोडून निघणं शक्य नव्हतं. त्याच्याबरोबरची पाच-सहा कुटुंबंही तिकडंच. ज्या बायकांबरोबर तू उभा जन्म रानात चुली मांडल्यास, त्या तुझ्या दहाव्याला नसणार. म्हणून मी म्हटलं, व्हीसी लावू. जाणत्यांनी नाकं मुरडली, मोबाईलवर कुठं दहावा असतो का? दत्तानं मात्र उचलून धरलं. त्याला मोठे पाहुणेही जोडायचे होते. मांडवात पडदा लावला, मोठे स्पीकर आणले, आणि चालवायला मला बसवलं.

चाळीसेक चौकोन उघडले. सूट घातलेले, पाठीमागं पुस्तकांची कपाटं असलेले. आणि खाली एका रांगेत बिराकडची माणसं, कुणी झाडाखाली, कुणी पालात, कुणाचा अर्धाच चेहरा. कुत्री भुंकत होती, वारा माइकवर आपटत होता, कोकरं ओरडत होती, कुणाचं तरी पोर रडत होतं. एक पाहुणे श्रद्धांजली वाहत होते, त्यांचं बोलणं त्यात बुडून गेलं. दत्ता माझ्या कानाशी आला. "मिलिंद, त्या रानातल्यांना म्यूट कर. पाहुण्यांचं होऊ दे. नंतर बघू."

"नाही करणार."

"अरे, लई गोंगाट व्हायलाय. चांगलं दिसत नाय."

"तो गोंगाट नाही, दत्ता. ते आक्काचे लोक आहेत."

त्यानं हात पुढं केला, स्वतःच बटन दाबायला. मी मांडीवरची घोंगडी उचलली आणि लॅपटॉपच्या कळांवर टाकली. आवाज चढला, माझा आणि त्याचाही. मांडव वळून बघायला लागला. मी उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, की मी एकदा या बाईचा आवाज बंद केला होता आणि तिला लिंक गेली म्हणून खोटं सांगितलं होतं. आज या मांडवात कुणाचाही आवाज मी बंद करणार नाही आणि करू देणार नाही. पाहुण्यांना घाई असेल तर त्यांनी खुशाल जावं. दत्ता घोंगडीकडं बघत राहिला. ती कुणाची ते त्याला सांगावं लागलं नाही. मग खाली बसला. म्हणाला, "काकीनं मला बी खुर्चीवरून उठवलं होतं," आणि डोळ्याला उपरणं लावलं.

तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली. इतकी वर्षं हेच काम करतोय, आधी सुचायला हवी होती. हे यंत्र माणसाचं बोलणं तेवढं पुढं पाठवतं आणि बाकीचं गोंगाट समजून आपणहून कापतं. पंखा, गाड्या, वारा. आणि लांब ओढलेली हाक. त्याला ती बोलणं वाटतच नाही. त्या दिवशी कुंपणावर बिराची हाक अशीच वाटेत कापली गेली होती, रेंज पूर्ण होती. मी बिराला सांगितलं, बाबा, फोनमध्ये अमुक ठिकाणी जा, ते खरा आवाज असं लिहिलंय ते चालू कर. त्याच्या पोरीनं केलं. मी स्पीकर पूर्ण सोडले. म्हणालो, "बिरा, आता हाक दे. आक्काला देतोस तशी."

बिरा उठला. तोंडाशी हात धरला. आणि दिली.

मांडवाचं कापड हललं असं वाटलं. हाक सबंध आली, छातीतून निघालेली, शेवटाला वर चढलेली. सगळे थांबले, हाक पोचू द्यावी तसे.

आणि मांडवामागच्या कुंपणातून तुझ्या चारही म्हाताऱ्या मेंढ्या एकदम ओरडल्या. उठून उभ्या राहिल्या, कुडाला धडका द्यायला लागल्या. त्यांचा आवाज माझ्या माइकमधून पैनगंगेपलीकडं गेला आणि क्षणभरानं तिकडचा सगळा कळप उत्तर द्यायला लागला. इकडून तिकडं, तिकडून इकडं. रानातल्या बायका रडायला लागल्या. सूटवाल्या पाहुण्यांपैकी एकही गेला नाही.

आक्का, मी जिंकलो. मेंढरानं ओळखलं. वास येत नाही हे तुझं मला मान्य, दवाखान्यात यायला हवं होतं हेही मान्य, ते मरेपर्यंत मान्य. पण हाक पोचते. मध्ये कुणी कापली नाही तर पोचते. हे भांडण मी जिंकलोय आणि हार मानायला तू समोर नाहीस, हे मात्र मला मुळीच चालणार नाही. अर्ध्यात उठून जायचं नसतं. दत्ताला उठवलंस, तू उठायचं नव्हतंस.

परवा सगळे गेल्यावर मी घोंगडी उचलली आणि नाकाशी धरली. लोकर, धूर, तंबाखू. तू होतीस.

कालपासून पुन्हा कामावर आहे. घोंगडी रिमोटवर पसरून ठेवलीय. नव्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, ऑफिसची वस्तू नाही, माझी आहे, आणि ती इथंच राहील. पुन्हा विचारलं तर बघू.

माझी हाक मी दिलीय, आक्का. जमलं तर चार शिव्या दे. घाई नाही, थांबायचं कसं ते तूच शिकवलंस. माइक चालू आहे.